जुना पूल दुरुस्त करावा, शेजारी दुसरा बांधावा की पाडावा? कृष्णाकाठच्या निर्णयासाठी तुलना

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत कृष्णेवर व तिच्या उपनद्यांवर ब्रिटिश किंवा संस्थानी अमदानीत बांधलेले जे पूल अजून उभे आहेत, त्यांच्याबाबत आज ना उद्या एकच प्रश्न स्थानिक नगरपालिकेपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे येतो: पूल दुरुस्त करून वापरात ठेवायचा, त्याला समांतर दुसरा बांधायचा, की जुना पाडून त्याच जागी नवा उभा करायचा. 1929 साली वाहतुकीस खुल्या झालेल्या सांगलीच्या आयर्विन पुलाबाबत समांतर पुलाचा मार्ग निवडला गेला. त्या वेळच्या चर्चेत पुलाच्या बांधणीपेक्षा त्याचे जोडरस्ते कोठे उतरणार यावर अधिक वाद झाला, आणि तो वाद अस्थानी नव्हता. कृष्णेसारख्या पूरप्रवण नदीवर कोणता पर्याय चांगला, हे पात्रातील खांबांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दोन्ही काठांवर काय होणार यावर ठरते. सूचना-हरकती नोंदवणाऱ्या किंवा सभागृहात हात वर करणाऱ्या प्रत्येकाने ही बाजू आधी तपासावी, अशा मताने पुढील तुलना केली आहे.

दुरुस्तीचा पर्याय प्रथम घेऊ, कारण तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गैरसमजांनी वेढलेला आहे. पुलाचे वय शंभरीला आले म्हणून तो निकामी झाला, असे दगडी कमानीच्या बाबतीत म्हणता येत नाही. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबलेला असतो, दाब सोसण्यात दगड अतिशय समर्थ असतो आणि गंजून फुगणारी सळई त्यात नसते. काँक्रीटचा पूल साठ वर्षांत जितका थकतो, तितका चांगल्या बांधणीचा दगडी पूल शंभर वर्षांतही थकेलच असे नाही. त्याचे खरे दुखणे पायाशी असते. पुराच्या वेगवान प्रवाहात खांबाभोवतीचा गाळ आणि माती खरवडली जाते, खड्डा पडतो आणि पूर ओसरताना तोच खड्डा नव्या गाळाने भरून येतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत काठावरून पाहणी करणाऱ्याला सारे काही जागच्या जागी दिसते. महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री दोन एसटी बससह वाहून गेला, त्याच्या काही आठवडे आधीच झालेल्या पाहणीत त्याला धोका आढळला नव्हता. डोळ्यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल पुढे ठेवून कोणी पुलाला सुरक्षित किंवा धोकादायक ठरवत असेल, तर दोन्ही निष्कर्षांना सारखेच कमी वजन द्यावे. पाणबुड्यांकडून पायाची तपासणी, खांबाभोवतीच्या तळाची खोली मोजणे, दगडकामातून नमुने काढणे आणि प्रत्यक्ष भार ठेवून कमान किती दबते हे पाहणे, एवढे झाल्यानंतरच दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज विश्वासार्ह होतो.

तपासणीत पाया भक्कम ठरला, तर दुरुस्ती अवघड नसते. सांध्यांत दाबाने लगदा भरणे, पिंपळ-वडाची रोपे मुळासकट काढणे, खांबांभोवती दगडांचे किंवा काँक्रीटचे संरक्षण घालणे आणि पाणी बाहेर काढणारी छिद्रे मोकळी करणे ही कामे ठेकेदारांना परिचित आहेत. एक गोष्ट मात्र आवर्जून विचारावी: डांबराचा जुना थर खरवडून नवा घालणार, की वर्षानुवर्षे थरावर थरच चढवणार? प्रत्येक थराचे वजन कायमचे पुलावर बसते आणि कठडा तेवढाच बुटका होतो. दुरुस्तीने जे साधत नाही ते म्हणजे रुंदी. दोन वाहने जेमतेम बसणाऱ्या पुलावर पादचाऱ्याला जागा राहत नाही, आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आले की दुचाकीस्वाराचे काय होते, हे या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. जड वाहनांना बंदीचा फलक लावणे सोपे असते. पण ऊस भरलेले वाहन कारखान्यावर पोहोचण्यासाठी दुसरा जवळचा मार्ग नसेल, तर उंची रोखणारी लोखंडी कमान उभारल्याखेरीज ती बंदी टिकत नाही. एसटी आणि अग्निशामक बंब यांची सोय बघूनच तीही उभारावी लागते.

समांतर पुलाचे आकर्षण उघड आहे: काम चालू असताना वाहतूक थांबत नाही, नवा पूल आजच्या भारमानकांप्रमाणे बांधता येतो, आणि जुना दगडी पूल हलक्या वाहनांसाठी व पादचाऱ्यांसाठी राहतो. तरीही त्याचे तीन तोटे सभांमधून पुरेसे मांडले जात नाहीत.

पहिला तोटा प्रवाहाचा आहे. एकाच पात्रात खांबांच्या दोन रांगा आल्या आणि नव्या खांबांची रांग जुन्यांच्या सरळ रेषेत नसली, तर नव्यावर आपटून वळलेले पाणी जुन्याच्या पायाशी घुसते. ज्या पुलाला वाचवण्यासाठी समांतर पर्याय निवडला, त्याचाच पाया अशाने आणखी उघडा पडू शकतो.

दुसरा तोटा उंचीचा आहे. रस्ते-पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे सेकंदाला 3000 घनमीटरपेक्षा अधिक विसर्ग असलेल्या नदीवर पूरपातळी आणि पुलाची खालची बाजू यांत 1.5 मीटर मोकळी जागा लागते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे; 2019 च्या महापुरात पाणी तेथे 57 फुटांच्या वर गेले. त्यामुळे आज आखला जाणारा पूल जुन्यापेक्षा उंच होणे स्वाभाविक आहे. पृष्ठभाग तीन मीटरने वर गेला आणि उतार तीसास एक धरला, तर प्रत्येक बाजूचा जोडरस्ता नव्वद मीटरने लांबतो. मोकळ्या शेतात ही लांबी किरकोळ वाटेल, परंतु जुन्या पेठेत नव्वद मीटर म्हणजे दुकानांची एक आख्खी रांग, जिची दारे अचानक भिंतीसमोर येतात. व्यापाऱ्यांचा विरोध म्हणजे विकासाला विरोध, असे म्हणून हा मुद्दा झटकणे मला अन्यायाचे वाटते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर तोटा भरावाचा आहे. जोडरस्ता मातीच्या भरावावर चढवला की पूरमैदानात आडवा बांध तयार होतो. पात्राबाहेर पसरून पुढे जाणारे पाणी त्याला अडते आणि वरच्या बाजूला फुगवटा येतो, म्हणजे पाणी तुंबून पातळी चढते. कोल्हापुरात शिरोलीजवळ महामार्गाचा भराव काढून तेथे कमानी कराव्यात, ही मागणी याच अनुभवातून पुढे आली आहे. कर्नाटकातील आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर आपण तावातावाने बोलतो. पण आपल्याच दारातील भरावाचा फुगवटा मोजण्याचा आग्रह क्वचितच धरतो. शिवाय काठावरच्या काळ्या मातीवर घातलेला भराव वर्षानुवर्षे खचत राहतो आणि पुलाच्या तोंडाशी ओळखीचा दणका बसू लागतो. भरावाऐवजी खांबांवरचा जोडरस्ता महाग पडतो हे खरे, परंतु तो खर्च टाळून स्वस्त दाखवलेला समांतर पूल इतर पर्यायांशी तुलना करण्याच्या लायकीचाच नसतो.

परवानग्यांचाही विचार हवा. कोल्हापूरच्या पंचगंगेवरील शिवाजी पुलाच्या पर्यायी पुलाचे काम ब्रह्मपुरी टेकडीच्या संरक्षित स्थळाबाबतच्या कायद्यामुळे अर्धवट राहिले होते. दरम्यान 26 जानेवारी 2018 च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली आणि 13 जणांचा मृत्यू झाला. पर्यायी पूल नंतर पूर्ण झाला. पण पर्याय येणार म्हणून जुन्याच्या कठड्याकडे पाहणे थांबवता येत नाही, हे त्या घटनेने दाखवले.

पाडून त्याच जागी बांधण्याच्या बाजूने दोन मुद्दे आहेत: पात्रात खांबांची एकच रांग राहते आणि रस्त्याची आखणी बदलावी लागत नाही. उंची वाढली तर जोडरस्त्याची अडचण मात्र येथेही येते. खरा भार वेळेचा आहे. सावित्रीवरील नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, हे उदाहरण नेहमी दिले जाते; परंतु राष्ट्रीय महामार्गावरील दुर्घटनेनंतर राबलेली यंत्रणा एखाद्या तालुक्याच्या पुलाला मिळेल, असे गृहीत धरू नये. कृष्णेत पायाचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन मेअखेर थांबते. बंधाऱ्यांनी अडवलेले पाणी आणि ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी सोडलेले आवर्तन यांमुळे उन्हाळ्यातही पात्र कोरडे नसते. किमान दोन हंगाम वाहतूक बंद राहील, असे धरून शाळा, बाजार, दवाखाना आणि दूधसंकलन यांचा वळसा किती किलोमीटरचा होतो, हे काढावे. जुन्या पुलावरून गेलेली जलवाहिनी आणि केबल आधी हलवाव्या लागतात, आणि हे काम अंदाजपत्रकात बहुधा एका ओळीत उरकलेले असते.

गावाबाहेरून वळण रस्त्याचा पूल हा पर्याय जड वाहतुकीसाठी उत्तमच. मात्र रोज पायी किंवा दुचाकीने नदी ओलांडणाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. बुडीत पूल किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून रस्ता ही सोय लहान गावांपुरती ठीक आहे. शहरासाठी तिचा विचार करू नये, कारण पूल सर्वाधिक लागतो त्याच दिवसांत ती पाण्याखाली असते.

माझा कल असा आहे. तपासणीत पाया शाबूत ठरला आणि जवळ जड वाहतुकीसाठी दुसरा मार्ग असला, तर दुरुस्ती करावी आणि नव्या पुलाचा पैसा अन्यत्र वापरावा. पाया शाबूत आहे पण दुसरा मार्ग नाही, अशा ठिकाणी समांतर पूल योग्य ठरतो, मात्र दोन्ही काठांवर भराव न घालता. पायाच गेलेला असेल, तर दगडी कमानींचे कितीही आकर्षण वाटले तरी पूल पाडावा. आणि पाडेपर्यंत तो नुसत्या फलकाने नव्हे, तर खरोखर बंद करावा. मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल धोकादायक म्हणून जाहीर असूनही 15 जून 2025 रोजी त्यावर गर्दी होती आणि तो कोसळला.

समांतर पर्याय निवडणाऱ्यांनी ठरावातच एक कलम घालून घ्यावे. नवा पूल सुरू झाल्यावर जुन्याची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहणार की पालिकेकडे, आणि कोणत्या लेखाशीर्षातून, हे त्यात लिहिलेले असावे. नव्या पुलासाठी केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी किंवा नाबार्डचे कर्ज मिळू शकते. वाहतूक कमी झालेल्या जुन्या पुलावरची झाडझुडपे काढण्यासाठी पैसे मागायला मात्र कोणी पुढे येत नाही. त्याबरोबर काठापासून काठापर्यंतचा, 2019 ची पूररेषा आखलेला आडवा छेद मागवावा. नुसत्या पात्राचा नकाशा पुढे आला, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवण्यास हरकत नाही.