512 जीबीच्या नावाखाली 59 जीबी : माझे 16,750 रुपये कसे गेले

सेकंडहँड कॉम्प्युटर घ्यायला निघाले असाल तर आधी हे वाचा. मला हसायचं असेल तर खुशाल हसा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान. दिवाळीनंतर व्होल्टेज वरखाली होऊन कॉम्प्युटर जळला. स्कॉलरशिपच्या फॉर्मची गर्दी, म्हणून घाईत नागपूरहून रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त केलेला, आणला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, म्हणजे फायली साठवायची डिस्क. 14,500 रुपये रोख, म्हणजे दोन क्विंटल कापूस.

दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वेगळा लागन, भाऊ. कायले 2,610 रुपये वाया घालवता?" अन् गावाला रोज "पावती घ्या" सांगणारा मी कच्ची चिठ्ठी खिशात टाकून मोकळा! झाकण उघडून दाखवा म्हटलं, तर "सील तुटलं की वॉरंटी गेली." तिथंच उठायला हवं होतं. पण विंडोज झकास चालत होतं, डिस्क 476 जीबी दाखवत होती. 512 ची तेवढीच दिसते हे मला ठाऊक, त्याचाच जास्त तोरा.

विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, इतक्या जुन्या प्रोसेसरला 11 अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली. रीस्टार्ट केलं तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू', म्हणजे सिस्टिम सुरूच होईना. मी स्वतःलाच दोष दिला. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाचं सुरक्षेचं कुलूप, बंद केलं, 450 चा नवा पेनड्राइव्ह आणला, लिनक्सची जवळपास 3 जीबीची फाइल दोन रात्री जागून पुन्हा डाउनलोड केली, फाइल नीट उतरल्याची खूण असलेला चेकसमही जुळला. दुसऱ्यांदा टाकताना मधेच इनपुट-आउटपुट एरर, म्हणजे डिस्कवर लिहिता-वाचता येईना. तालुक्याच्या मेकॅनिकनं केबल बदलून 1,200 घेतले अन् "तुमचं लिनक्सच खराब" सांगितलं.

शेवटी भाच्यानं पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून एफ-थ्री या प्रोग्रामनं रात्रभर डिस्क भरली अन् परत वाचली. खरी जागा 59 जीबी! बाकी आकडा खोटा. विंडोज सुरुवातीच्या भागात मावलं होतं. लिनक्सची फाइल सिस्टिम फायली डिस्कभर पसरवते, म्हणून बिंग फुटलं. दुकानात फक्त आकडा बघू नका, ही तपासणी होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा.

दुकानदार म्हणतो, "लिनक्स टाकलं, वॉरंटी संपली." आता फोनच उचलत नाही. नागपूरला दोन खेपा झाल्या, 600 रुपये. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून "दिवाणी बाब आहे" म्हणाले. हद्द नसली तरी झिरो एफआयआर घेता येतो म्हटलं, तर साहेब चहा पीत म्हणाले, "जास्त शिकलेले दिसता." ग्राहक हेल्पलाइनवाल्या ताईंनी पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल असतं तर रडलो कशाला असतो! कुणी साधा अर्जही ठेवून घेतला नाही.

रोख देऊ नका, यूपीआयनं द्या, निदान नोंद राहते. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अन् तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. हे मला कुठल्याच साहेबानं सांगितलं नाही. अर्ज लिहितोय. तपासणीचा व्हिडिओ आहे. चिठ्ठीवरची शाई पुसत चाललीय, तिचे फोटो काढून ठेवलेत.