हातातलं जीपीएस: सह्याद्रीतले आठ महिने

गेल्या जुलैत दोन पेन्सिल सेलवर चालणारं जीपीएस यंत्र घेतलं. तेव्हापासून जवळजवळ दर ट्रेकला ते सोबत आहे, म्हणून आता खात्रीने लिहितो.

"रेंज नसेल तर हे चालेल का?" असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. चालतं. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत सांगत असतात, यंत्र नुसतं ऐकतं. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. तीन उपग्रहांत काम भागलं असतं, पण त्यांच्याकडे अणुघड्याळ आणि आपल्या हातात साधं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही ३०० मीटरला पडते. म्हणून घड्याळ जुळवायला चौथा लागतो.

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत मात्र त्याने दगा दिला. दोन्ही अंगांना उभे कातळ, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. सिग्नल कातळावर आपटून, लांबचा फेरा घेऊन येतात आणि अंतर चुकतं. घरी ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेली चाललेली वाट, उघडला तर पोराने गिरगटल्यासारखी रेघ, दोन ठिकाणी तर थेट कड्याच्या पोटात. अशा चुका कमी व्हाव्यात म्हणून दोन फ्रिक्वेन्सी पकडणारं यंत्र, तरी ही गत. नाळेत मी आता स्क्रीनकडे बघत नाही.

पठारावर त्याला तोड नाही. ऑगस्टमध्ये कोकणकड्यावर असं धुकं उतरलं की पुढच्याची सॅक दिसेना. देवळापाशी यंत्रात खूण करून ठेवली होती, पण सरळ तिच्या रोखाने न जाता आलेल्या ट्रॅकवरूनच पावलापावलाने मागे फिरलो. देऊळ समोर आलं तेव्हा खुणेत सात-आठ पावलांचा फरक होता.

उंचीचं कोडंही सुटलं. कळसूबाईच्या माथ्यावर फोनमधलं एक अ‍ॅप १,६४६ मीटरऐवजी १,५८०च्या आसपास दाखवत होतं. बिघाड नव्हता. उपग्रहांवरून मिळते ती उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्याच्या साठाहून जास्त मीटर खाली आहे. माझं यंत्र ती दुरुस्ती स्वतः करतं.

तक्रारी दोनच. केबल लावायच्या तोंडावरचं रबरी झाकण डिसेंबरातच सैल झालं, पावसाळ्याच्या आत बदलावं लागेल. आणि सोबत आलेल्या नकाशात वाड्या-वस्त्या नाहीतच. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला, फुकट नकाशा टाकल्यावर पाऊलवाटा दिसू लागल्या.

तरी नळीच्या पायथ्याच्या बेलपाड्यात एका मामांना स्क्रीन दाखवून विचारलं, "मामा, हीच ना नळीची वाट?"

"ती गुरांची वाट. तुमी वढ्यावढ्यानं जावा."

नकाशात दोन्ही रेघा सारख्याच होत्या.