कोपनहेगन: जून की डिसेंबर?

डिझाइनचं काम घेऊन कोपनहेगनला जायचं तर कधी जावं? जूनमध्ये दिवस जवळपास साडेसतरा तासांचा. ‘थ्री डेज ऑफ डिझाइन’ हा सोहळा तेव्हाच भरतो, शोरूम सगळ्यांना खुल्या असतात. काम आटोपून इस्लँड्स ब्रुगेला बंदरात पोहताही येतं. पण जुलै लागला की बरंचसं शहर सुट्टीवर, आणि तुमचा ईमेल ऑगस्टपर्यंत तसाच पडून.

डिसेंबरात सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो, समुद्रावरचा वारा बोचतो. तरी माझं मत डिसेंबरलाच. तिथलं डिझाइन खरं कळतं ते अंधारात. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनचा १९५८ चा पीएच ५ दिवा जेवणाच्या टेबलावर खाली टांगलेला बघा. एकावर एक थर असे बसवलेत, की बल्ब डोळ्यांत खुपत नाही. उजेड सावकाश टेबलावर उतरतो. आत लाल आणि निळे छोटे भाग आहेत, उजेडाचा रंग सौम्य व्हावा म्हणून. जूनच्या उन्हात हाच दिवा नुसता रंगवलेला पत्रा वाटतो.

रंगांचे नमुने मात्र दुपारी बाराच्या आसपास खिडकीपाशी तपासून घ्यायचे. तीन वाजता राखाडी कुठला नि निळा कुठला, कळत नाही.