जॉन कीगनचं ‘द प्राइस ऑफ अ‍ॅडमिरल्टी’: जुटलँडसाठी घ्या, मिडवेला जरा जपून

आधीच सांगतो, मी नौदलातला नाय आणि बंदरातलाही नाय. सोलापूरचा माणूस, आमचं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव आणि नळाला दिवसाआड-चार दिवसाआड येतं ते उजनीचं. इतिहास वाचायचा तो पण किल्ले, पानिपत, फार तर दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे. हे पुस्तक हातात बघून मित्र म्हणाला, समुद्र तरी नीट बघितलायस का बे? बघितलाय की, गणपतीपुळ्याला.

पण मजा अशी की लिहिणारा कीगन पण तसा जमिनीवरचाच. सँडहर्स्टला, म्हणजे ब्रिटिश लष्कराचे अधिकारी तयार होतात तिथं, त्याने वर्षानुवर्षं इतिहास शिकवला, लहानपणी टीबीने पाय अधू झाला त्यामुळे स्वतः कधी सैन्यात जाता आलं नाय, आणि नाव झालं ते जमिनीवरच्या लढायांवर लिहून. समुद्राचं हे पुस्तक १९८८ चं. ट्रफाल्गार, जुटलँड, मिडवे आणि अटलांटिक अशा चार लढाया घेतल्यात, शिडाच्या जहाजापासून पाणबुडीपर्यंत. बाहेरचा माणूस असल्यामुळे तो आपल्याला बेसिकपासून सांगतो, वारा कुठून आला तर कोण फायद्यात, तोफा जहाजाच्या अंगालाच का, वगैरे. ज्यांना चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये पाहिजे त्यांनी दुसरं काहीतरी बघा, इथं माणूस आधी आणि लोखंड नंतर.

ट्रफाल्गारचं प्रकरण लांब आहे, सुरुवातीला जरा रेटावं लागतंय. पण एकदा २१ ऑक्टोबर १८०५ ची सकाळ उजाडली की सोडवत नाय. ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनची २७ मोठी जहाजं, समोर फ्रेंच-स्पॅनिश मिळून ३३. आता आकडा बघा, वॉटर्लूला नेपोलियनकडे तोफा होत्या अडीचशेच्या आसपास आणि इथं एकट्या नेल्सनच्या ताफ्यावर दोन हजारांच्या वर, त्यातल्या कित्येक मैदानी तोफांपेक्षा कितीतरी जड, आणि हे सगळं लाकडी भिंतींच्या आत, पळायला जागा नाय. नेल्सनची व्हिक्टरी शत्रूची रांग फोडून ब्युसाँतोर या जहाजाच्या मागून गेली आणि जाताजाता पिछाडीतून तोफा मारल्या. पिछाडीला खिडक्या आणि पातळ लाकूड, त्यामुळे गोळा एका टोकाकडून शिरला की अख्खा डेक झाडत दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

इथं मला सारखे आमचे आंग्रे आठवत होते. कान्होजींच्या गुराबा, म्हणजे त्यांची लढाऊ गलबतं, नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या तोफा मारत मोठ्या जहाजाच्या पिछाडीलाच भिडायच्या, कारण इंग्रजांच्या तोफा दोन्ही अंगांना, मागं तोंड केलेल्या थोड्याच, आणि वारा पडला की आपली गलबतं वल्ह्यांवर चालायची आणि ते मोठं धूड जागेवरच लटकलेलं. नेल्सनच्या कितीतरी आधीची गोष्ट. अर्थात पुस्तक युरोप-अमेरिका-जपानचं आहे, त्यात कुलाबा-विजयदुर्ग शोधत बसू नका.

आता जुटलँड. माझे पैसे इथंच वसूल झाले. ३१ मे १९१६, उत्तर समुद्र, ब्रिटिश आणि जर्मन मिळून अडीचशे जहाजं. ब्रिटिशांच्या तीन बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान जहाजं, इंडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल, एकाच दिवसात स्फोट होऊन गेल्या, एकट्या क्वीन मेरीवर १२६६ माणसं मेली. वर्षानुवर्षं लोक चिलखत पातळ होतं म्हणून मोकळे व्हायचे. ते होतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे भराभर तोफा डागायच्या नादात दारूगोळ्याच्या कोठारापर्यंतची दारं उघडी ठेवलेली आणि कॉर्डाइटच्या, म्हणजे तोफेच्या दारूच्या, पिशव्या टरेटखाली, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाखाली, आधीच काढून रचलेल्या. गड्ड्याच्या जत्रेत शोभेच्या दारूची सगळी पोती पेटवणाऱ्याच्या पायाशीच उघडून ठेवावीत तसं. वर टरेटमध्ये भडका उडाला की आग सरळ खाली कोठारात. या बॅटलक्रूझरांचा अ‍ॅडमिरल बीटी, त्याचं स्वतःचं जहाज लायन वाचलं ते हार्वे नावाच्या मेजरमुळे, स्वतः मरायला टेकलेला असताना कोठारात पाणी सोडायची ऑर्डर दिली त्याने, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला पण मेल्यावर. आणि एवढं होऊन निकाल काय, तर ब्रिटिशांची १४ जहाजं बुडाली, जर्मनांची ११, माणसंही ब्रिटिशांची दुपटीहून जास्त गेली, तरी दुसऱ्या दिवशी समुद्र ब्रिटिशांकडेच आणि जर्मन आपले बंदरात. जिंकलं कोण यावर लोक अजून भांडतायत.

मिडवेला मात्र पुस्तकाचं वय दिसतंय. ४ जून १९४२, पॅसिफिकमध्ये अमेरिकन विमानांपुढे जपानच्या चार विमानवाहू नौका एका दिवसात गेल्या, हे सगळ्यांना माहिती. जुन्या पुस्तकांमधली लाडकी गोष्ट अशी की जपानी विमानं डेकवर सज्ज होती, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर उडालीच असती. २००५ नंतर जपानी नोंदी तपासून झालेल्या अभ्यासाने ही गोष्ट मोडीत काढली, हल्ल्याची विमानं अजून खाली हँगरमध्येच होती, वर ये-जा चालू होती ती बहुतेक बचावाच्या फायटरची. त्यामुळे हे प्रकरण गोष्ट म्हणून वाचा, शेवटचा शब्द म्हणून नको.

अटलांटिकचं मी एका बैठकीत संपवलं. मार्च १९४३ चे व्यापारी जहाजांचे दोन काफिले, एचएक्स २२९ आणि एससी १२२, जर्मन पाणबुड्यांनी त्यातली बावीस जहाजं बुडवली, वाटतंय आता संपलं सगळं, आणि दोनच महिन्यांत लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, रडार आणि जादा एस्कॉर्ट, म्हणजे राखणीची जहाजं, यांच्यापुढे जर्मन नौदलप्रमुख डेनिट्झला पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या.

शेवटच्या प्रकरणात कीगन भविष्य सांगायला बसतो, की आता पाणबुडीच राजा, वरची जहाजं गेल्यात जमा. आपल्याला हे पटवायला फार कष्ट नकोत, ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली ती पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनेच, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. पण अर्धंच खरं ठरलं म्हणायचं. विमानवाहू नौका अजून बांधतायत, २०२२ ला आपलीच नवी विक्रांत आली, आणि त्याच वर्षी काळ्या समुद्रात रशियाची युद्धनौका मोस्क्वा गेली ती किनाऱ्यावरून सोडलेल्या मिसाइलने, पाणबुडी सीनमध्येच नाय.

माझी कॉपी सेकंडहँड, ऑनलाइन मागवली, विक्रेत्याने ‘व्हेरी गुड’ लिहिलेलं आणि आली ती कव्हर दुमडलेली, कुणीतरी जुटलँडच्या प्रकरणात पेनाने रेघा मारलेली. प्रिंट बारीक आहे, रात्री ट्यूबलाइटखाली डोळे दुखतात. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना मात्र बरं पडतं, एका फेरीत एक लढाई. आणि घेताना एक बघा, हेच पुस्तक पुढे ‘बॅटल अ‍ॅट सी’ नावानेही निघालंय, नवीन समजून दोन्ही कार्टमध्ये टाकू नका.