बेरोजगारांसाठीच्या प्रशिक्षणाचा परिणाम मोजायचा कसा? पद्धतींचा तुलनात्मक आढावा

प्रशिक्षण पूर्ण केलेल्या १०० जणांपैकी ६० जणांना सहा महिन्यांत नोकरी लागली, असे अहवालात आले की कार्यक्रम यशस्वी ठरवला जातो. खरे तर या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. प्रशिक्षण नसते तरी त्यांतल्या ५५ जणांना काम मिळालेच असते, तर सगळा खर्च ५ नोकऱ्यांसाठी झाला. २० जणांनाच मिळाले असते, तर कार्यक्रम वाढवायलाच हवा. म्हणून पद्धत निवडताना मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो: प्रशिक्षण नसते तर काय झाले असते, याचा अंदाज ती कुठून आणते?

आधी आणि नंतर

प्रवेशावेळची कमाई घ्यायची, वर्षभरानंतरची घ्यायची आणि वजाबाकी करायची. सोपे आहे, स्वस्त आहे, पण ही पद्धत निवडू नका. माणूस प्रशिक्षणाकडे वळतो तो बहुधा नोकरी गेल्यावर, कमाई तळाला असताना. तिथून ती थोडीफार आपोआप सावरतेच, आणि ते सावरणे प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा होते. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर यांनी १९६४ च्या अमेरिकी प्रशिक्षणार्थींची कमाई तपासून १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा प्रवेशाच्या जरा आधीची ही घसरण ठळकपणे दिसली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तुलनागट शोधणे

प्रशिक्षण न घेतलेले, पण वय, शिक्षण आणि जुनी कमाई यांत मिळतेजुळते लोक शोधायचे आणि दोन्ही गटांची तुलना करायची. कार्यक्रम उरकल्यावरही हे करता येते, हा मोठा फायदा. अडचण अशी की, जो स्वतःहून अर्ज करतो त्याची धडपड, घरचा पाठिंबा, निकड कुठल्याच रकान्यात येत नाही.

यातला धोका अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये दाखवून दिला. १९७० च्या दशकातल्या एका अमेरिकी कार्यक्रमात लोकांची निवड सोडतीने झाली होती, त्यामुळे त्याचा परिणाम भरवशाने माहीत होता. लालोंड यांनी सोडतीत मागे राहिलेला गट बाजूला ठेवला, त्याजागी देशव्यापी सर्वेक्षणांतले लोक घेतले आणि तेच उत्तर मिळते का ते पाहिले. उत्तरे कुठल्या कुठे गेली. काही तुलनांत तर कार्यक्रमामुळे कमाई हजारो डॉलरने घटल्याचे दिसले. पुढे जुळणीच्या पद्धती सुधारल्या, तरी त्यांचा भरवसा आकडेवारीच्या दर्जावर टिकतो. अर्जदारांची आधीच्या काही वर्षांची कमाई उपलब्ध असेल आणि तुलनेतले लोक त्याच भागातले असतील, तरच या वाटेने जा.

सोडत

जागा ४० आणि अर्ज ९० असतील, तर चिठ्ठ्या टाका. निवड नशिबाने झाली की दोन्ही गटांत धडपडे आणि निवांत सारख्याच प्रमाणात येतात. गरजूंना मुद्दाम वगळणे अन्याय आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. अमेरिकेच्या जेटीपीए या सरकारी रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या अभ्यासासाठी २०० हून अधिक केंद्रांना विचारले गेले, तयार झाली १६, आणि नकाराचे एक मोठे कारण हेच होते. पण जागाच कमी असतील तर ५० जण तसेही परत जाणार. मग ओळखीने किंवा आधी आला त्याला आधी देण्यापेक्षा सोडत जास्त न्याय्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. सोडतीत नाव आलेला प्रत्येकजण मोजा, अर्ध्यात सोडून गेलेलाही. फक्त प्रमाणपत्र मिळवलेल्यांनाच मोजले, तर चिकाटीचे लोक वेगळे काढले जातात आणि सोडतीचा उपयोगच संपतो. नाव न आलेल्यांपैकी कितींनी दुसरीकडे प्रशिक्षण घेतले, तेही विचारून ठेवा.

गुणांची रेषा

प्रवेश परीक्षेवर असेल, तर पात्रतेच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेले उमेदवार जवळपास सारखेच असतात. त्यांची तुलना विश्वासार्ह ठरते, पण उत्तर त्या रेषेजवळच्या लोकांपुरतेच मिळते. कुणाचे गुण मागाहून ‘वाढवले’ जात असतील, तर हा मार्ग सोडा.

कधी मोजायचे?

पद्धतीइतकेच हेही महत्त्वाचे आहे. प्रशिक्षण चालू असताना माणूस नोकरी शोधत नाही, म्हणून सुरुवातीला तो न घेणाऱ्यांच्या मागेच दिसतो. कार्ड, क्लुव्ह आणि वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये रोजगार कार्यक्रमांचे २०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासले. पहिल्या वर्षात सरासरी परिणाम शून्याच्या आसपास होता, दोन-तीन वर्षांनी तो वाढलेला दिसला. उलटेही घडते. तुर्कस्तानातल्या व्यवसाय-प्रशिक्षणाच्या सोडतीत सुरुवातीचा थोडासा लाभ तीन वर्षांत विरून गेला. म्हणून सहा महिन्यांचा एकच आकडा मागणाऱ्या देणगीदाराला नम्रपणे नाही म्हणा.

आणखी एक प्रश्न उरतो. दुसऱ्याच्या वाट्याची नोकरी आपल्या माणसाला मिळाली, तर समाजाचा फायदा किती? फ्रान्समध्ये २३५ भागांत हेच तपासले गेले. तिथे प्रशिक्षण नव्हते, तरुणांना नोकरी शोधायला मदत दिली जात होती. मदत मिळालेल्यांच्या लाभातला काही भाग मदत न मिळालेल्यांच्या नुकसानीतून आला होता. लहान संस्थेला हे मोजता येणार नाही, पण सरकारी योजना देशभर न्यायची असेल तर हा प्रश्न टाळणे चूक आहे.

तुमच्यासाठी कोणती?

अर्ज जागांपेक्षा जास्त असतील तर सोडत. गुणांवर प्रवेश असेल तर रेषा. कार्यक्रम आधीच उरकला असेल तर जुन्या कमाईच्या नोंदींसह तुलनागट. त्याआधी माणसांची संख्या तपासा. नोकरीचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ५५ वर गेले का, हे भरवशाने दिसायला प्रत्येक गटात सुमारे १,६०० माणसे लागतात. ५० वरून ६० वर गेले का हे पाहायला ४००, आणि ५० वरून ७० साठी साधारण १००. तुमच्याकडे दरवर्षी ६० जणच येत असतील, तर स्वतंत्र अभ्यासावर पैसे घालवू नका. त्याऐवजी तशाच प्रकारचे प्रशिक्षण देणाऱ्या इतर संस्थांना गाठा आणि सगळ्यांची एकच सोडत, एकच प्रश्नावली ठेवा. ते जमेपर्यंत नाव न लागलेल्या अर्जदारांचे फोन नंबर, त्यांच्या संमतीने, जपून ठेवा. दोन वर्षांनी तुलना करायला हीच माणसे लागणार आहेत.