ओतीव शिपायांना पगड्या चढवल्या त्याची गोष्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत इंग्लंडहून २८ मिलिमीटर मापाच्या, धातू ओतून केलेल्या छोट्या शिपायांची दोन पाकिटं मागवली होती. अठराव्या शतकातलं युरोपी पायदळ. डोक्यावर तिकोनी टोपी, मांड्यांवर लोंबणारा कोट, खांद्याला बंदूक. एकूण ४८ नग. कुरिअर आणि कस्टम धरून जो आकडा झाला, त्यात घरात चांगला मिक्सर आला असता, असं मला तेव्हाही सांगण्यात आलं आणि अजूनही अधूनमधून सांगण्यात येतं.

मला खरं तर हवे होते शिंद्यांच्या कंपूतले, म्हणजे युरोपी पद्धतीची कवायत शिकलेल्या फौजेतले शिपाई. असईची लढाई टेबलावर मांडून खेळायची होती. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. समोर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, पुढे ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागलं तो. आपल्या बाजूच्या कवायती पलटणींचा म्होरक्या पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. या पलटणींचा वेश कंपनी सरकारच्या शिपायांच्याच वळणावर होता : तांबडा आखूड डगला, छातीवर पट्टे, डोक्याला पगडी. तसे तयार शिपाई हवे तेवढे आणि परवडतील असे मिळेनात, म्हणून म्हटलं, धड विकत घेऊ, डोकी आपण करू.

आता ४० शिपाई रंगून तयार आहेत. उरलेल्या आठांपैकी चार माझ्या हातून कामी आले, चार गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे झाले. त्यांच्याविषयी पुढे.

आधी धातूविषयी. प्लास्टिकचे स्वस्त पडतात, हलके असतात, ब्लेडने लोण्यासारखे कापले जातात. तरी डोकी बदलायची असतील तर मी पुन्हा धातूच घेईन. चूक झाली तर कानस मारता येते, भोक बुजवून दुसरं पाडता येतं, हात थोडा वाकवून बंदुकीचा कोन बदलता येतो. मात्र वाकवताना कान उघडे ठेवा. कथिलाचं प्रमाण जास्त असलेला धातू वाकवला की बारीक कुरकुरतो. कुरकुर ऐकू आली की थांबायचं. शिशाचं प्रमाण जास्त असेल तर तो मऊ वाकतो, आवाज करत नाही, पण संगीनही तितक्याच मऊपणे वाकते आणि दर डावानंतर सरळ करत बसावं लागतं. आठ-दहा वेळा सरळ केली की तुटते. माझ्या निम्म्या संगिनी आता पितळी तारेच्या आहेत. टोकाला हातोडीने हलकं ठोकून चपटी केली की छान दिसते. पहिल्यांदा टाचण्या लावल्या होत्या. दिसायला झकास, पण शिपाई उचलताना दर वेळी बोटात घुसायच्या.

हत्यारं सगळी सोनारांची. सोन्या मारुती चौकाजवळ सोनारकामाच्या सामानाचं दुकान आहे, तिथून करवतीची चौकट, बारीक पाती आणि सुई-कानशींचा संच आणला. हॉबीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या संचापेक्षा हे स्वस्त पडलं आणि आठ महिन्यांत एकही कानस बोथट झालेली नाही. शिसं-कथील कानशीच्या दातांत जाऊन बसतं, म्हणून कानस मारण्याआधी तिच्यावर शाळेतला पांढरा खडू घासायचा. हा सल्ला दुकानदाराने फुकट दिला आणि सगळ्या खरेदीत तोच सर्वांत कामाचा निघाला. पाती मात्र डझनाने घ्या. पहिल्या आठवड्यात माझी नऊ तुटली.

कामी आलेले ते चार जण माझ्या घाईचे बळी. मान कापायला मी तार तोडायची पक्कड वापरली. पक्कड कापत नाही, चिरडते. मान दोन्ही बाजूंनी चपटी होते, खांदे वर येतात आणि माणूस थंडीत कुडकुडत उभा असल्यासारखा दिसतो. करवतीने सावकाश, हनुवटीच्या खालून, कॉलर शाबूत ठेवून कापलं तर मानेचा गोल खुंट नीट राहतो.

त्यानंतरची चूक मोठी होती. डोकी मी नुसत्या फेव्हिक्विकने चिकटवली. ओढून पाहिली तर पक्की वाटली. मे महिन्यात पहिला डाव मांडला आणि एका झटक्यात सात जणांची मुंडकी उडाली, वेलस्लीच्या तोफांनी नाही, माझ्या कोपराने. हा डिंक सरळ ओढ सहन करतो, बाजूने टिचकी बसली की काचेसारखा सुटतो. तेव्हापासून प्रत्येक सांध्यात खिळा. हातात धरून फिरवायच्या छोट्या ड्रिलने मानेत आणि डोक्यात ०.६ मिलिमीटरचं भोक पाडायचं, पितळी तारेचा तुकडा घालायचा, मग डिंक. ड्रिलच्या पात्याला मेण लावलं की ते अडकत नाही. सर्किट बोर्डाची कार्बाइडची पाती स्वस्तात मिळाली म्हणून आणली होती, पण ती हाताच्या थरथरीला टिकत नाहीत, कटकन मोडतात आणि मोडलेला तुकडा मानेतच राहतो. साध्या स्टीलची घ्या. खिळा घातलेल्या ४० डोक्यांपैकी आजवर एकही सुटलेलं नाही, आणि आमच्या टेबलावर मांजरही चढतं.

आता पगडी. यासाठी निळी-पिवळी दुपदरी पुट्टी येते, दोन्ही सारख्या मापाने मळली की हिरवी होते. पिवळा भाग जास्त घेतला तर मऊ आणि चिवट, निळा जास्त घेतला तर कडक. पट्टीच्या रूपात येते तेव्हा निळं आणि पिवळं जिथे एकमेकांना टेकतं तिथली रेघ आधीच कडक झालेली असते. ती कापून टाका, नाहीतर पगडीत खडे लागतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये मळलेला गोळा पाऊण तासातच ऐकेनासा होतो. उरलेली पट्टी फ्रीजरमध्ये ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते, फक्त उकडीच्या मोदकांशेजारी ठेवू नका. का, ते सांगत नाही.

मी आधी एम-सीलवरही हात चालवून पाहिला. नळ जोडायला त्याला तोड नाही, पण पगडीच्या घडीला ते काय करणार? तळाच्या चकतीवर जमीन उठवायला मात्र अजूनही तेच वापरतो.

पहिल्या दहा पगड्या अगदी गवारीच्या शेंगा गुंडाळल्यासारख्या झाल्या. पुट्टीची तार जाड-बारीक व्हायची, गुंडाळताना तुटायची. एका संध्याकाळी आई शेजारी बसून समईच्या वाती वळत होती. माझं चाललेलं थोडा वेळ बघून म्हणाली, "अरे, तू दाबतोयस. वळायचं असतं." मी म्हटलं, "आई, हा कापूस नाहीये." "मग काय झालं? हात तोच ना." तिने तळहाताला पाण्याचं बोट लावलं, हिरवा कण घेतला आणि डाव्या हातावर उजवा एकदाच पुढे सरकवला. सरळ, एकसारखी, केसाएवढी तार. तशा तीन तारा पीळ न देता शेजारी शेजारी ठेवून डोक्याभोवती तिरक्या घेतल्या की पगडीचे पेच आपोआप दिसतात. बोटाने दाबायचं नाही, फक्त टोक सुईने आत ढकलायचं. तेव्हापासून मी वातीच वळतो. आईने केलेली पगडी दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या शिपायाच्या डोक्यावर आहे आणि बाकी ३९ तिच्यापुढे हिणकस दिसतात.

कोटाचं काम कंटाळवाणं. मागचे पल्ले कापायचे, कडा घासायची, पायांवरचे गेटर्स (पोटऱ्यांवरची कापडी आवरणं) कानशीने उतरवायचे. एका शिपायाला सरासरी दोन तास. याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही, एक सोडून : हा कीस शिशाचा असू शकतो. खाली जुना पेपर, कीस फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा, नंतर हात साबणाने धुवायचे, त्या टेबलावर चहासुद्धा नाही. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला फासे टाकायची मुभा आहे, कानशीला हात लावायची नाही.

गोलंदाज हा माझा आवडता भाग. असईला तोफांवरून इंग्रज पायदळ पुढे निघून गेलं तेव्हा काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून होते. पलटण पुढे जाताच ते उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. वेलस्लीला घोडदळासह त्याच तोफांकडे परत यावं लागलं. मग आमच्या टेबलावर एवढं तर व्हायलाच हवं. एकाच साच्यातल्या दोन-दोन शिपायांच्या मी जोड्या केल्या : एक उभा, हातात पलिता, दुसरा कुशीवर पडलेला. दोघांचा शेला, पगडी, मिशी सारखी. पडलेल्याच्या गुडघ्यात करवतीची अर्धी खाच मारून, वाकवून, खाच पुट्टीने भरली. इंग्रज रांग पुढे गेली की पडलेला उचलायचा आणि उभा ठेवायचा. पहिल्या वेळी माझ्या मित्राने, जो इंग्रज खेळत होता, हा घोळ पाहिलाच नाही. दोन फेऱ्यांनी त्याच्या पाठीत गोळे पडायला लागले तेव्हा तो म्हणाला, "हे मेले होते ना?"

पावसाळ्यात दोन गोष्टी कळल्या. स्प्रेचा अस्तर-रंग जुलैत मारू नये. हवेतल्या ओलीने त्यावर दुधी साय धरते आणि सगळं खरवडावं लागतं. ऑक्टोबरची वाट पाहा किंवा ब्रशने लावा. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. एका संग्राहकाकडून घेतलेले काही जुने, शिसं जास्त असलेले शिपाई मी प्लायवुडच्या बंद कपाटात ठेवले होते. गणपतीच्या सुमारास बघतो तर त्यांच्या पायांवर पांढरी भुकटी. लाकडातून आणि प्लायच्या डिंकातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते, त्याचा हा पांढरा क्षार. विषारी असतो, फुंकून उडवू नका. नवे कथिलाचे शिपाई त्याच फळीवर होते, त्यांना काही झालं नाही. आता सगळी फौज लाडवांच्या स्टीलच्या डब्यांत आहे.

त्या जुन्या लॉटमध्ये एक ५४ मिलिमीटरचा पोकळ शिपाईही होता. हे तंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये आणलं : साच्यात धातू ओतायचा, बाहेरचा थर गोठला की आतला परत ओतून काढायचा. शिपाई हलका, धातू कमी, म्हणून स्वस्त. बदल करायला मात्र तो कुचकामी. मी मानेत ड्रिल घातलं आणि ते थेट पोटात गेलं.

पुन्हा घेईन का? पायदळ, हो, आणि नुसती धडं वेगळी मिळत असतील तर तीच. घोडेस्वार अजून घेतलेले नाहीत. घोड्यांचे पाय बारीक आणि सगळं वजन त्यांच्यावर, खिळा घालायलाही जागा नाही, त्यामुळे धाडस होत नाहीये. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलाला हे शिपाई मांडायचे आहेत. मी कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणून दिलेत. त्याने दारावर पहारेकरी म्हणून माझा एक गोलंदाज ठेवलाच आहे, पडलेला.