म्हापशाचा बाजार: ग्लुटेन टाळणाऱ्यांच्या नजरेतून

सीलिअक (गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्याची पिशवी गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सहज भरते: उकडे तांदूळ, नाचणी, नारळ, सोलं, ताजी मासळी. पाकीटबंद ग्लुटेनमुक्त पिठांपेक्षा हे कितीतरी स्वस्त. सुटं तांदळाचं पीठ मात्र घेऊ नका. गिरणीत त्याच जात्यावर गहूही दळलेला असतो. तांदूळ निवडून, धुवून, वाळवून घरीच दळा. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापलं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा लागू होते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचाच. खाणावळीत रवा फ्राय वर्ज्य. तांदळाच्या पिठात घोळवलेली मासळीही त्याच तेलात तळली तर बाधते. बेबिंका या थरांच्या गोव्याच्या गोड पदार्थात मैदा असतो. दोदोल ही मिठाई तांदळाच्या पिठाची, तरी विचारून घ्या. पोईची, म्हणजे गोव्याच्या गव्हाच्या पावाची, जागा घेणारं काही इथे दिसत नाही, ही उणीव मोठीच.